इटलीतील द्राक्षबागांच्या प्रदेशात गाडीने फिरायचे असल्यास कोणता मार्ग निवडावा?

आपण विचारले आहे की ऑक्टोबरमध्ये पत्नी आणि सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन आपण इटलीला जात आहात, हाताशी गाडीने फिरण्यासाठी सहा दिवस आहेत, आणि तेवढ्यात कियांती, वाल दोर्चा, बारोलो व प्रोसेक्को हे चारही भाग पाहता येतील का. नकाशावर ते बसतात. प्रत्यक्षात मात्र सहांपैकी तीन दिवस महामार्गावर जातील आणि उरलेल्या तीन दिवसांत आई-वडील दमलेले असतील. माझे घर दिंडोरी तालुक्यातले, घरी द्राक्षबाग, आणि नोकरीच्या निमित्ताने माझी सहा वर्षे ट्युरिनमध्ये गेली. त्या अनुभवावरून माझा सल्ला असा की एकच प्रदेश निवडावा, एकाच गावात मुक्काम ठेवावा आणि तो प्रदेश लांगे, म्हणजे पिएमोंते प्रांतातल्या आल्बा शहराभोवतालची टेकाडे, हा असावा. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाइन तिथल्याच, तिथल्या त्याच नावाच्या गावांवरून ओळखल्या जाणाऱ्या.

लांगेला पहिली पसंती देण्याचे कारण तिथल्या रस्त्यांत आहे. बहुतेक ठिकाणी रस्ता खोऱ्यातून जातो आणि प्रवासी मान वर करून बागा पाहतो. लांगेत गावे डोंगराच्या सोंडांवर वसलेली आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता बराचसा धारेवरून चालतो. त्यामुळे गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून उतारच्या उतार खाली जाताना दिसतात आणि समोरच्या सोंडेवर पुढच्या गावाचा किल्ला उभा असतो. मागच्या आसनावर बसलेल्या माणसालाही काही चुकत नाही. आई-वडील बरोबर असताना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा सगळा भूप्रदेश, शेजारच्या रोएरो आणि मोनफेर्रातोसह, २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

पहिल्या दिवसाचा मार्ग मी असा ठरवीन: आल्बाहून ग्रिन्त्साने कावूर, तिथून सेर्रालुंगा, मग खोरे ओलांडून कास्तिल्योने फाल्लेत्तो, पुढे मोनफोर्ते, बारोलो आणि शेवटी ला मोर्रा. सगळे मिळून अंतर पन्नास-साठ किलोमीटरच भरेल, पण त्याला पूर्ण दिवस द्यावा. क्रम उलटा करू नये, कारण तो उन्हाच्या हिशेबाने लावलेला आहे. सेर्रालुंगाची सोंड पूर्वेला आहे. सकाळी तिथे उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो आणि समोरचे पश्चिमेकडचे उतार उजळलेले दिसतात. ला मोर्रा पश्चिमेला, पाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. संध्याकाळी तिथल्या किल्ल्याच्या चौकातून पूर्वेकडे पाहिले की दिवसभर फिरलेली सगळी गावे एका नजरेत येतात आणि ऊन पुन्हा आपल्या पाठीमागेच असते. ग्रिन्त्सानेचा किल्ला वाटेतच लागतो. इटलीचे एकीकरण घडवणारा कावूर तरुणपणी, १८३२ ते १८४९ अशी सतरा वर्षे, या लहानशा गावाचा महापौर होता.

या फेरीत एक गोष्ट नीट पाहावी. ला मोर्रा आणि बारोलो यांच्याकडची जमीन एका प्रकारच्या निळसर चिकणमातीची, तर सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते यांच्याकडची जमीन तिच्यापेक्षा जुनी आणि अधिक कठीण. पश्चिमेकडची बारोलो लवकर पिण्याजोगी होते आणि पूर्वेकडची वर्षानुवर्षे वाट पाहायला लावते, असे तिथले लोक सांगतात. पाट्यांवर ‘सोरी’ आणि ‘ब्रिक्को’ हे शब्द वारंवार दिसतील. ब्रिक्को म्हणजे टेकडीचा माथा. सोरी म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेला तो उतार, जिथे हिवाळ्यात बर्फ सर्वांत आधी वितळते. नेब्बिओलो हे बारोलोचे द्राक्ष उशिरा पिकते आणि त्याला ऊन भरपूर लागते, म्हणून ते अशाच उतारांवर लावतात. उत्तरेकडच्या थंड बाजूला आणि तळाशी हेझलनटच्या बागा किंवा रान राहते. आल्बाच्या फेर्रेरो कंपनीची चॉकलेटे १९४६ पासून याच हेझलनटवर उभी राहिली. वारा त्या दिशेचा असेल तर शहरात शिरताच भाजलेल्या बियांचा वास येतो.

माझे बाबा एकदा ऑक्टोबरात माझ्याकडे आले होते, तेव्हा त्यांना मी याच मार्गाने नेले. दृश्याविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. सेर्रालुंगाच्या खाली एका बागेत तोडणी चालू होती; त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, ओळींमधले अंतर पावलांनी मोजले, तारा हाताने ताणून पाहिल्या आणि एका वेलीवरचे घड मोजले. ओळीच्या टोकाला गुलाबाचे झाड होते. भुरी हा बुरशीचा रोग वेलीच्या आधी गुलाबावर दिसतो म्हणून ते लावायची जुनी रीत आहे, असे मालकाने सांगितले, तेव्हा बाबांनी त्या झाडाची पाने उलटून तपासली. मग त्यांनी मला माल किती निघतो ते विचारायला लावले. बारोलोसाठी नियमाने हेक्टरी आठ टनांपेक्षा अधिक द्राक्ष घेता येत नाही, म्हणजे एकरी सव्वातीन टन. आमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाचा एकरी दहा टन माल ही सांगण्यासारखी गोष्ट नाही. “अरे, एवढ्या मालात यांचे भागते कसे?” बाबांनी मला विचारले. चांगल्या बारोलोच्या जमिनीचा भाव हेक्टरी दहा लाख युरोंच्या वर जातो, हे मी सांगितल्यावर ते गाडीत येऊन बसले आणि मोनफोर्तेपर्यंत गप्प राहिले. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी; तिकडे वेल थंडीत झोपते, छाटणी एकदाच होते आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. आपण ऑक्टोबरात जात आहात, तेव्हा आमच्याकडे छाटणी चालू असेल आणि तिकडे तोडणी.

दुसऱ्या दिवशी तानारो नदीच्या काठावरचे बार्बारेस्को, तिथून नेइवे आणि त्रेइसो असे लहान वर्तुळ करावे. बार्बारेस्कोच्या जुन्या मनोऱ्याला आता उद्वाहन (लिफ्ट) आहे, त्यामुळे आई-वडिलांनाही वर जाता येईल. तिसरा दिवस आल्बा शहरासाठी ठेवावा. शरद ऋतूत तिथे पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा, बाजार भरतो. ट्रफल विकत घ्यावी असा माझा आग्रह नाही, पण ती काट्यावर किती गांभीर्याने तोलतात ते पाहण्यासारखे आहे.

टस्कनी प्रांतातल्या कियांतीचा मार्ग हा लांगेनंतरचा माझा दुसरा पर्याय आहे, आणि आपण फ्लॉरेन्सला जाणारच असाल तर तो पहिला ठरू शकेल. फ्लॉरेन्स ते सिएना हा २२२ क्रमांकाचा राज्यमार्ग ‘कियांतिजाना’ या नावाने ओळखला जातो. सुमारे सत्तर किलोमीटरचा हा रस्ता ग्रेवे, पान्त्सानो आणि कास्तेल्लिना या गावांवरून जातो. ग्रेवेचा त्रिकोणी चौक आणि त्याच्या कडेच्या कमानी पाहण्यासाठी तासभर अवश्य थांबावे. मात्र एका गोष्टीची कल्पना असू द्यावी: कियांती क्लासिकोचे, म्हणजे कियांतीच्या मूळ भागाचे, क्षेत्र सुमारे सत्तर हजार हेक्टर आहे आणि त्यात द्राक्षबागा दहा हजार हेक्टरांच्या आसपास आहेत. बाकी मोठा भाग ओक आणि चेस्टनटच्या रानाचा. बागा झाडीतून मधूनच उघडतात आणि पुन्हा लपतात. काहींना हेच अधिक आवडते. कियांती क्लासिकोच्या बाटलीच्या गळ्यावरच्या काळ्या कोंबड्याची कथाही याच रस्त्याची आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातली सीमा ठरवण्यासाठी दोन्हीकडून एकेक स्वार पहाटे कोंबडा आरवताच निघावा आणि ते भेटतील तिथे सीमा मानावी असे ठरले. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो मध्यरात्रीनंतर लगेच आरवला आणि त्यांचा स्वार थेट फोंतेरुतोलीपर्यंत, सिएनाच्या उंबरठ्यापाशी, जाऊन पोहोचला. ही दंतकथा झाली. टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने १७१६ साली फर्मान काढून कियांतीची हद्द आखली, हा मात्र इतिहास आहे. इथले मुख्य द्राक्ष सान्जोवेझे. अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’ने तेच द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात रुजवले, फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, आणि त्या उद्योगाच्या उभारणीत मोहिते-पाटील बंधूंबरोबर इटलीतले बंधूही भागीदार होते.

वाल दोर्चाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पिएन्त्सा आणि सान क्विरिको यांच्या मधली सरूच्या झाडांची जी छायाचित्रे आपण पाहिली असतील, त्यांत द्राक्षबाग बहुधा नसतेच; ती गव्हाची शेते आहेत. ती एप्रिल-मे महिन्यांत हिरवी असतात आणि ऑक्टोबरात नांगरून पडलेली. बागा आहेत त्या दोन टोकांना, मोंताल्चिनो आणि मोंतेपुल्चानो या गावांभोवती. प्रोसेक्को या फसफसत्या वाइनचा मार्ग व्हेनिसच्या उत्तरेला, कोनेल्यानो ते वाल्दोब्बियादेने असा आहे, १९६६ साली तो आखला गेला आणि तिथल्या टेकड्यांना २०१९ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. उतार इतके तीव्र आहेत की यंत्र चालत नाही, सगळी तोडणी हातानेच होते. परंतु ती सप्टेंबरातच आटोपते, म्हणून या वेळी तो सोडावा. व्हेनिसला मुक्काम असेल तर एका दिवसाची सहल म्हणून पुरेसा आहे.

आता गाडीविषयी. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे. स्वयंचलित गिअरची गाडी हवी असल्यास आधीच मागून घ्यावी, कारण तिकडे साध्या गिअरच्याच गाड्या अधिक, आणि घाटाच्या वळणांवर उजव्या हाताने गिअर टाकण्याची सवय पहिल्या दिवशी नसते. गाडी लहान घ्यावी. ती विमानतळावरूनच घ्यावी आणि तिथेच परत करावी, म्हणजे शहराच्या मध्यभागी शिरण्याचा प्रसंग येणार नाही. बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते, पाटीवर ‘झोना त्राफिको लिमितातो’ असे लिहिलेले असते आणि कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. अशाच एका शहरात मी हॉटेल शोधत एका चौकाला दोन फेऱ्या घातल्या. कुणी अडवले नाही, शिटी वाजवली नाही. सात महिन्यांनी दोन वेगवेगळे दंड आले, आणि माझे नाव-पत्ता कळवल्याबद्दल गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने दोन्ही वेळा वेगळे शुल्क कापले. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे देऊन आणि पिवळ्या राखीव, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

जो गाडी चालवील त्याने वाइन पिऊ नये, हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. इटलीत रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, परवाना काढून तीन वर्षे झाली नसतील तर शून्य. आणि वाइनरीत चवीसाठी दिलेले चार-पाच पेले मिळून ती मर्यादा सहज ओलांडतात. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात कोणताही संकोच नसावा. जाणकार तेच करतात. दोघे चालवणारे असाल तर एक दिवसाआड वाटून घ्यावे. वाइनरीत आधी वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये, कारण त्या बहुधा शेतकऱ्याची घरे असतात आणि तोडणीच्या दिवसांत घरातले सगळे बागेत असतात. दिवसाला एक भेट पुरे.

आई-वडील शाकाहारी असतील तर लांगेत जेवणाची थोडी अडचण होईल हे आधीच सांगून ठेवतो. तिथल्या शेवयांत अंड्याचा बलक भरपूर असतो आणि भाज्यांबरोबर येणाऱ्या गरम चटणीतही मासा असतो. टस्कनीत पाव-टोमॅटोचे आणि घेवड्याचे घट्ट सूप तरी सहज मिळते. म्हणून लांगेत स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. दुपारी अडीचनंतर गावातली बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात, तेव्हा सेर्रालुंगातून साडेबाराच्या आत निघून जेवणाच्या गावी पोहोचावे.

तिकिटे अजून काढली नसतील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध घ्यावा. दोल्चेत्तो आणि बार्बेरा ही द्राक्षे तोवर उतरलेली असतात, एखाद्या वर्षी नेब्बिओलोची तोडणीही संपलेली असते, पण वेलीची पाने त्याच सुमारास पिवळी आणि तांबडी होऊ लागतात. नेब्बिओलो हे नाव ‘नेब्बिया’ म्हणजे धुके या शब्दावरून आले असे मानतात, आणि त्या दिवसांत सकाळी धुके खरोखरच खोरी भरून टाकते. ते उठायला कधी दहा वाजतात, कधी अकरा. अशा दिवशी सेर्रालुंगाची घाई न करता आल्बाच्या चौकात कॉफी घेत बसावे. धुके विरू लागले की निघावे.