देव मानत नाही, मग पोरगा चांगला कसा राहील?

प्रश्न : ताई नमस्कार. मी नरेंद्रनगरला राहते, वय ५१. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून गजानन महाराजांची भक्ती आहे, गुरुवारी पोथी असते, प्रकटदिनाला चाळीस-पन्नास माणसं पिठलं-भाकरी अन् अंबाडीची भाजी जेवून जातात. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग करून राहिला, तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आला तर आरतीला उभाच राहिला नाही, म्हणे आई मी देवधर्म काही मानत नाही आता, तुम्ही करा, मला फोर्स नका करू. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्या म्हणतात जो देवाला भीत नाही तो उद्या आईबापाला काय विचारणार. मिस्टर गप्प आहेत. तसा पोरगा वाईट नाही हो, याच सुट्टीत शेजारच्या काकांना डायलिसिसला घेऊन जात होता, त्यांची मुलं बाहेर आहेत. पण मला टेन्शन आलंय, धर्मच नाही तर चांगलं-वाईट कशावरून ठरवेल तो? उद्या त्याच्या लेकरांना संस्कार कोण देईल?
– एक आई

उत्तर : नमस्कार. शेजारच्या काकांचं वाक्य तुम्ही पत्रात मध्येच टाकलं आणि पुढे निघून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. डायलिसिसला कोणाला नेणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा, सकाळी लवकर उठायचं, फाईल घ्यायची, ऑटो बघायचा, मग चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं, आणि परत येताना पेशंट पार गळून गेलेला असतो, बीपी खाली आलेलं असतं, जिन्यावर एकेक पायरी हाताला धरून चढवावं लागतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराने दिवाळीच्या सुट्टीत, मित्र बोलवत असताना, कोणी सांगितलं नसताना हे केलं. त्यात त्याला ना पुण्य मिळवायचं होतं ना नवस फेडायचा होता. तुम्ही विचारता तो चांगलं-वाईट कशावरून ठरवेल, अहो त्याने ठरवलंय आणि करूनही दाखवलंय.

आता हे त्याच्यात आलं कुठून? तुमच्याच घरातून आलं, याबद्दल मला शंका नाही. लहानपणापासून त्याने बघितलंय की प्रकटदिनाला आधी आलेली माणसं जेवतात, मग घरचे. तेव्हा श्रद्धेतून चांगुलपणा येतो हे मी नाकारत नाहीच. माझं म्हणणं एवढंच की तो फक्त तिथूनच येतो असं नाही, आणि श्रद्धा आहे म्हणजे तो आपोआप येईलच असंही नाही.

माझ्या ओळखीतल्या एका घरातली गोष्ट सांगते. भाऊ अतिशय देवभोळा, सकाळची पूजा झाल्याशिवाय चहा नाही, एकादशी कधी चुकली नाही. वडील गेल्यावर त्याने बहिणीला राखीला बोलावलं, साडी घेतली, पुरणपोळी खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसला नेऊन हक्कसोडावर सही घेतली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शिकायच्या, हे सगळं त्याला माहीत होतं. तिने सही केली कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, पण त्या भावाला आजही वाटत नाही की आपण कोणाचं काही घेतलं, कारण त्याने कुठलाच धार्मिक नियम मोडला नाही ना. मी त्याला ढोंगी म्हणणार नाही, त्याची पूजा खरी आहे. फक्त त्या पूजेने बहिणीच्या चेहऱ्याकडे बघायला शिकवलं नाही.

तुमच्या सासूबाईंचा मुद्दा फार जुना आहे आणि त्यावरचा प्रश्नही तेवढाच जुना, सॉक्रेटिसने अथेन्समध्ये विचारलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर देवाने नको म्हटलं म्हणून खोटं बोलणं वाईट, का ते मुळात वाईट आहे म्हणून देव नको म्हणतो? पहिलं खरं मानलं तर उद्या कोणी म्हणालं की देवाची आज्ञा आहे, अमुक जातीच्या माणसाला विहिरीवर येऊ देऊ नका, तर ते चांगलं मानावं लागेल, आणि आपल्याकडे शेकडो वर्षं तसं मानलंच की लोकांनी. दुसरं खरं असेल तर चांगलं-वाईट आपल्या बुद्धीलाही कळू शकतं, नास्तिकाच्याही. मला दुसरंच पटतं. आगरकरांचं बघा, त्यांचं काही शिक्षण आपल्या अकोल्यात झालेलं, ते देव मानत नव्हते. बालविवाह, विधवांचं केशवपन यावर ‘सुधारक’मध्ये इतकं रोखठोक लिहिलं की पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी, दम्याने हैराण होते, पगार बेताचा, चाळिशीही गाठली नाही, १८९५ ला गेले, पण लिहायचं थांबवलं नाही. स्वर्ग मिळेल अशी आशा नसलेला माणूस हे कशासाठी करतो? त्या मुलींचं दुःख त्याला दिसत होतं म्हणून.

तरी मी तुमच्या मुलालाही एवढ्यावर सोडणार नाही, कारण चांगलं काय ते कळणं वेगळं आणि ते रोज करणं वेगळं, आणि या दुसऱ्या गोष्टीत धर्माने जे कमावलंय ते देव न मानणाऱ्यांनी हलक्यात घेऊ नये. अमेरिकेत प्रिन्सटनला डार्ली आणि बॅटसन या दोघांनी एक प्रयोग केला होता, १९७३ मध्ये छापून आला. धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायला सांगितलं, त्यातल्या काहींना तर विषयच बायबलमधला, रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट. वाटेत एक माणूस दारात वाकून कण्हत बसवलेला. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यातल्या फक्त १० टक्क्यांनी मदत केली, ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी. भाषणाचा विषय तीच गोष्ट असल्याने म्हणावा असा फरक पडला नाही! मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, पण त्यातून एक कळतं, नुसतं डोक्यात असून भागत नाही, हाताला सवय लागते आणि आयुष्यात त्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. धर्म ही जागा राखून ठेवतो, वार ठरलेला, माणसं ठरलेली. शेगावला तुम्ही जाताच, तिथे पाळी लावून बिनपगारी राबणारे सेवेकरी बघा, घरी कदाचित पाण्याचा ग्लास उचलत नसतील पण तिथे दिवसभर परक्या माणसांच्या चपला सांभाळतात, ताटं उचलतात, आणि तेही हात जोडून, माऊली माऊली करत. ही सवय एकट्याने खोलीत बसून तर्क करून लागत नाही.

याचा सगळ्यात खोल विचार ज्या माणसाने केला त्याची जागा तुमच्या घरापासून फार लांब नाही. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्याला जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १९५६ ला, १४ ऑक्टोबरला, आपल्या नागपुरात. मधली एकवीस वर्षं. बायकांना मालमत्तेत वाटा मिळावा म्हणून त्यांनी मंत्रिमंडळात असताना हिंदू कोड बिल लावून धरलं, ते रखडलं, आणि १९५१ ला राजीनामा दिला त्यात हेही एक मोठं कारण होतं. वर ज्या बहिणीचं सांगितलं तिच्या हक्काची लढाई खरं तर तेव्हापासूनची. इतका शिकलेला, धर्माचे चटके सोसलेला माणूस सरळ म्हणू शकला असता की धर्मच नको. ते तसं म्हणाले नाहीत. गरीब माणूस आशेवर जगतो, त्याला धर्म लागतो, हे त्यांनी दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं. पण निवडला कोणता, तर ज्यात ईश्वराची गरज नाही आणि त्या जागी नीतीच बसलेली आहे. हे त्यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात सविस्तर मांडलं, ते त्यांच्या पश्चात १९५७ ला आलं. बावीस प्रतिज्ञांमध्ये अमुक देवांना मानणार नाही असं आहे तसंच चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही हेही आहे. पंचशीलात तर वरून कोणी आज्ञा देतच नाही, माणूस स्वतःच म्हणतो की मी हा नियम पाळीन. आणि लाखो लोकांनी ते एकत्र, मोठ्याने म्हटलं. एकट्याने मनात म्हणणं आणि शेजारच्याच्या साक्षीने म्हणणं यात फार अंतर आहे हो.

एकदा मुलाला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर घेऊन जा. पांढऱ्या साडीतल्या आज्या खेड्यापाड्यातून येतात, हातात पिशवी, पायाला भेगा, आणि गर्दी कितीही असो, पुस्तकांच्या स्टॉलवर थांबतात. मी बघितलेली एक आजी, स्वतःला वाचता येत नव्हतं, तर बाजूच्या पोराला म्हणे हे मागचं वाचून दाखव रे बाबू, आणि तो अडखळत वाचत होता तोवर ती डोळे मिटून ऐकत उभी राहिली, मग लुगड्याच्या गाठीतून पैसे काढून नातीसाठी घेतलं ते. प्रबुद्ध होणं म्हणजे काय हे मला तिच्याकडे बघून जेवढं समजलं तेवढं व्याख्यानांतून नाही समजलं.

आता घरातलं. आरतीला उभं राहण्याची जबरदस्ती करू नका, मनात नसताना जोडलेल्या हातांनी सासूबाईंचंही समाधान होणार नाही. पण प्रकटदिनाला वाढायला तो आलाच पाहिजे हे ठणकावून सांगा, सुट्टी काढून ये म्हणावं, देव नसला तरी भूक आहे ना. मग पंक्तीला तो शेवटी जेवेल. त्याला हेही विचारा की बाबा तू पुण्याला कोणासोबत काय करतोस, रक्तदान, वस्तीतल्या पोरांचा अभ्यास, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम, काहीही चालेल, पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांसोबत. नुसता युट्यूबवर डिबेट बघणारा नास्तिक आणि नुसती माळ ओढणारा आस्तिक, दोघांचाही शेजारच्या काकांना उपयोग नाही. आणि आजीची टिंगल केलेली चालणार नाही, यात सूट नाही. तिच्या डोळ्यांना आता पोथीची अक्षरं दिसत नसतील तर सुट्टीतल्या गुरुवारी त्याने एक अध्याय वाचून दाखवावा, मानत नसला तरी. सासूबाईंना डायलिसिसची गोष्ट पूर्ण सांगितलीय का तुम्ही? सांगा. गाडगेबाबा कीर्तन करायचे, गोपाला गोपाला म्हणायचे, पण पायावर डोकं ठेवू द्यायचे नाहीत, हातात झाडू असायचा आणि पैसे आले की धर्मशाळा बांधायचे. त्यांचं नाव घेऊन सांगितलं तर सासूबाईंना लवकर पटेल असं मला वाटतं.

प्रश्न : ताई, माझे वडील कट्टर नास्तिक होते. गेल्या उन्हाळ्यात गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं, तेरवी केली नाही. तेव्हापासून आत्या बोलत नाही, म्हणते माझ्या भावाला वाऱ्यावर सोडलं. आता वर्ष होऊन राहिलं, वर्षश्राद्ध करा म्हणून नातेवाईक मागे लागले. वडिलांचा शब्द मोडू का?
– वाचक, हिंगणा रोड

उत्तर : शब्द मोडू नका. पण आत्याचं दुःखही समजून घ्या, तिच्या हाती काहीच लागलं नाही, ना अस्थी, ना त्या सोडायला रामटेकला अंबाळा तलावावर जाणं, ना तेराव्या दिवशी गोळा झालेल्या चार माणसांत रडणं. विधी नको म्हणताना आपण बरेचदा माणसांचं एकत्र येणंही रद्द करून टाकतो, तेवढं करू नका. वर्षाच्या दिवशी सगळ्यांना घरी बोलवा, मंत्र नाही, पिंड नाही, वडिलांचा फोटो ठेवा आणि ज्याला जे आठवतं ते बोलू द्या, त्यांचे जुने मित्र, ऑफिसातले लोक, सगळे. ज्या मेडिकल कॉलेजात देह दिला तिथे त्यावर पोरं शिकतात, त्यातला कोणी विद्यार्थी यायला तयार असेल तर त्यालाही बोलवा, आत्याला त्याच्याशी बोलू द्या. तिला घरी जाऊन दिवा लावायचा असेल, काही म्हणायचं असेल तर तो तिचा हक्क आहे, अडवू नका. स्वयंपाक वडिलांच्या आवडीचा करा, आणि तो काय करायचा ते ठरवायला आत्याकडे जा, फोनवर नाही, प्रत्यक्ष. भावाला लहानपणी काय आवडायचं ते तिच्याइतकं कोणाला माहीत असणार.