निर्दोष सुटका नव्हे, कबुली. आणि ‘अपहरणा’तला हृ धातू

प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसनहून आला आहे. तिथल्या काउंटी कोर्टातल्या एका प्रकरणात आरोपीनं कमी गंभीर गुन्ह्याची कबुली दिली आणि किडनॅपिंगचा आरोप ‘रिझॉल्व्ह’ झाला, अशी इंग्रजी बातमी होती. व्हॉट्सअॅप गटात कुणीतरी तिचं मराठी केलं: ‘अपहरणाच्या आरोपातून निर्दोष सुटका’. हे बरोबर आहे का, आणि किडनॅपिंगला अपहरण म्हणायचं की कायद्याच्या पुस्तकातलं ‘अपनयन’, असं प्रश्नकर्तीनं विचारलं आहे.

पहिल्याचं उत्तर: साफ चूक. माणूस कोर्टाची पायरी उतरला की त्याला ‘निर्दोष’ म्हणायची सवय आता फारच बोकाळली आहे. निर्दोष सुटायला आधी खटला उभा राहावा लागतो, साक्षीपुरावे व्हावे लागतात आणि ज्यूरीनं एकमतानं किंवा न्यायाधीशानं ‘दोषी नाही’ म्हणावं लागतं. ज्यानं स्वतःच्या तोंडानं दुसरा गुन्हा कबूल केला, तो निर्दोष कसा? आणि ज्या व्यक्तीच्या बाबतीत गुन्हा घडला तिच्यावरही हा शब्द अन्याय करतो. तिनं खोटी तक्रार केली होती, असाच त्याचा अर्थ वाचणारे घेतात.

दुसरा प्रश्न अधिक रसाचा आहे. संस्कृत शिकताना सगळ्यांनी घोकलेला श्लोक आठवा:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

हृ म्हणजे नेणे. त्याला प्र लागला की मारणं, आ लागला की जेवण, सम् लागला की नाश, वि लागला की फिरणं. धातू एकच, पण उपसर्ग त्याचा अर्थ ‘बळानं दुसरीकडे नेतो’. आता हे तीन शब्द सुटे करून पाहा: बलात्, अन्यत्र, नीयते. बळ, दुसरी जागा आणि नेणं. अपहरणाच्या गुन्ह्याचे हेच तीन घटक! व्याकरणकारानं उपसर्गाचं काम सांगताना गुन्ह्याची व्याख्याच करून ठेवली आहे, तीही हृ धातूचीच उदाहरणं देताना. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. श्लोक रचणाऱ्याच्या कानात त्या क्षणी ‘अपहरण’ वाजत होतं, म्हणूनच त्याला ‘बलात्’ सुचलं, असं माझं ठाम मत आहे.

इथे काही पंडित ‘बलादन्यः प्रतीयते’ असा पाठ पुढे करतात. धातूचा अर्थ ‘दुसराच भासतो’, असा त्याचा भाव. हा पाठ प्रचलित आहे हे मान्य, पण तो दुबळा आहे. ‘बलात् भासतो’ म्हणजे काय? भासायला बळ कशाला हवं? बळ लागतं ते नेण्यालाच. शिवाय ‘नीयते’ म्हटलं की हृ आणि नी हे दोन्ही धातू एका श्लोकात येतात, आणि आपला सगळा वाद नेमका या दोघांमधला आहे.

कारण अपहरण हृ पासून आणि अपनयन नी पासून. नी म्हणजे हाताला धरून नेणे, वाट दाखवत नेणे. त्यातूनच नेता, नायक, विनय. मुंजीतलं उपनयन म्हणजे मुलाला गुरूच्या जवळ नेणं, आणि उप च्या जागी अप आला की दूर नेणं. यात ओढाताण नाही. मूल आपल्या पायांनी चालत गेलं तरी अपनयन होतं. भारतीय कायद्यात किडनॅपिंगचा मुख्य अर्थ हाच आहे: अल्पवयीनाला पालकाच्या संमतीवाचून त्याच्या ताब्यातून नेणं किंवा फूस लावणं. मुलाची स्वतःची संमती तिथे मोजलीच जात नाही. आपल्या पोलिसांच्या फिर्यादीत ‘फूस लावून पळवून नेले’ हे शब्द ठरलेले असतात, ते म्हणूनच. बळजबरीनं किंवा फसवून एखाद्याला जागेवरून हलवणं हे आपल्याकडे वेगळं, त्याला अपहरण. जुन्या दंडसंहितेत ही कलमं ३६१ आणि ३६२ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३७ आणि १३८ आहेत. हिंदीवाल्यांनी पहिल्यासाठी ‘व्यपहरण’ घडवलं. दोन्ही शब्द हृ पासूनच काढल्यामुळे त्यांचा फरक तोंडपाठ करावा लागतो. मराठी जोडी ऐकताक्षणी कळते.

पण हे झालं भारतीय कायद्याचं. म्हणून ‘किडनॅपिंग म्हणजे सदैव अपनयन’ असं बजावणाऱ्या शुद्धलेखनवाल्यांशी माझं भांडण आहे. ते कोश उघडतात, कायदा उघडत नाहीत. न्यू जर्सीच्या कायद्यात किडनॅपिंग ठरायला माणसाला बळ, धमकी किंवा फसवणूक करून घरातून, कामाच्या जागेवरून किंवा बरंच दूर नेलेलं, नाहीतर बराच काळ डांबलेलं असावं लागतं (खंडणीसाठी असेल तर नुसतं हलवणं किंवा डांबणंही पुरतं). शिवाय हेतू लागतो: खंडणी, दुसरा गुन्हा पार पाडणं, इजा करणं, दहशत बसवणं असा काहीतरी. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर पालकाची संमती नसणं बळाच्या जागी पुरतं, तेवढाच भाग अपनयनाच्या जवळचा. बाकी सगळा हृ धातूचा प्रांत. एडिसनच्या बातमीत ‘अपहरण’च लिहा.

‘बरंच दूर’ म्हणजे किती, यावरच तिथले वकील झुंजतात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली सांगितलं की अंतर फुटपट्टीनं मोजायचं नाही. नेण्यामुळे ती व्यक्ती एकटी पडली का, तिचा धोका वाढला का, की ते हलवणं मूळ गुन्ह्याच्या ओघात झालं, हे पाहायचं. म्हणजे ‘अन्यत्र’ शाबीत करायचं. आणि ते शाबीत होईल याची सरकारी वकिलाला खात्री नसेल, तर तडजोड तिथेच सुरू होते.

पहिल्या दर्जाच्या अपहरणाला तिथे साधारण १५ ते ३० वर्षं. पकडला जाण्याआधी त्या व्यक्तीला इजा न करता सुरक्षित जागी सोडलं असेल तर दुसरा दर्जा, ५ ते १० वर्षं. ‘अन्यत्र’ गळून नुसतं धोक्यात अडकवून ठेवणं उरलं तर तिसऱ्या दर्जाचा गुन्हा, ३ ते ५ वर्षं. साधं कोंडून ठेवणं असेल तर जास्तीत जास्त सहा महिने. आरोपी आणि सरकारी वकील यांच्यातलं बोलणं या उतरंडीवरच चालतं. प्रकरण आधी ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे जातं. तिथे २३ जणांपैकी निदान १२ जण ‘हो’ म्हणाले तरच आरोप पुढे टिकतो. त्यानंतरही खटला उभा राहण्याची वेळ क्वचितच येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नोंदवलं आहे की राज्यांतल्या दर शंभरातल्या ९४ शिक्षा कबुलीतून होतात.

ही कबुली कोपऱ्यातली नसते. न्यायाधीश भर कोर्टात आरोपीला विचारतात: कुणाचा दबाव आहे का, ज्यूरीचा हक्क सोडतो आहेस हे कळतंय का, आणि मग, तू नक्की काय केलंस? ‘तिला गाडीतून उतरू दिलं नाही, आणि तसं करायचा मला अधिकार नाही हे मला माहीत होतं’, असं काहीतरी त्याला स्वतः सांगावं लागतं. ‘कबूल नाही, पण वादही करत नाही’ ही पळवाट अमेरिकेत कित्येक ठिकाणी चालते, न्यू जर्सीत नाही. अपहरणाचा मूळ आरोप बहुधा शिक्षा सुनावण्याच्या दिवशी सरकारच्या विनंतीवरून रद्द होतो. ज्याला मराठीत सर्रास ‘मांडवली’ म्हणतात ते हे नव्हे. मांडवली कोर्टाबाहेर, नोंदीशिवाय होते. ‘सौदेबाजी’ही नको, त्यात न्यायाधीश दिसतच नाही. मी ‘कबुलीचा करार’ म्हणतो.

असे करार घटनेत बसतात असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यांत गाजलेला निकाल, १९७० चा ब्रेडी खटला, अपहरणाचाच आहे. ब्रेडीवर १९५९ मध्ये संघराज्याच्या कायद्याखाली आरोप होता आणि ज्यूरीपुढे गेला असता तर मृत्युदंडाची भीती होती. साथीदारानं कबुली दिल्याचं कळल्यावर त्यानंही दिली.

आणि काउंटी कोर्टाचा विषय निघालाच आहे, तर त्या निमित्तानं आणखी एक चूक खोडून काढतो. प्रसिद्ध अमेरिकी वैमानिक लिंडबर्ग याच्या बाळाच्या ‘अपहरणाबद्दल’ हाउप्टमन या आरोपीला फाशी झाली, असं आपल्याकडे लिहिलं जातं. न्यू जर्सीतल्याच हंटरडन काउंटीच्या फ्लेमिंग्टन गावात १९३५ साली तो खटला चालला तो खुनाचा. गुन्हा घडला तेव्हा अपहरणाला त्या राज्यात देहान्ताची शिक्षा नव्हती. म्हणून घरफोडी करताना झालेला खून अशी मांडणी सरकारनं केली, आणि चोरीला गेलेल्या वस्तूंत बाळाच्या अंगावरचे कपडे धरले. शिक्षाही फाशी नव्हती. १९३६ च्या एप्रिलमध्ये त्याला विजेच्या खुर्चीवर बसवण्यात आलं.

‘रिझॉल्व्ह’साठी ‘निकाली निघाला’ सुचवणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. फडात निकाली कुस्ती म्हणजे कुणीतरी चितपट होईपर्यंतची. पंचांनी मध्ये पडून सोडवली तर तिला आपण निकाली म्हणत नाही, आणि इथे ज्यूरीच्या निकालापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. तेव्हा गटात असं टाका: ‘डांबून ठेवल्याची कबुली, अपहरणाचा आरोप मागे.’ पूर्ण वाक्य हवं असेल तर ‘आरोप कबुलीवर मिटला’. आणि ज्यांनी ‘निर्दोष’ लिहिलं, त्यांना तो शब्द मागे घ्यायला सांगा.