चौथीतल्या मुलीला भूगोल, साधनसंपत्ती आणि थोडं अर्थशास्त्र घरी कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीला 'नैसर्गिक साधनसंपत्ती'ची व्याख्या घडाघडा येते, पण एक उदाहरण सांग म्हटलं की ती गप्प होते. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं चौथीला शिकवतोय. आमच्याकडंही हेच चालायचं.

व्याख्या राहू द्या. घरातला तूरडाळीचा डबा काढा.

एकदा मी वर्गात विचारलं, डाळ कुठून येते? उत्तर आलं, "दुकानातून." शाळेला लागून असलेल्या वावरात तूर उभी, शेंगा भरलेल्या. लेकरं रोज त्याच शेंगा तोडून खात शाळेत यायची. पण तो हिरवा दाणा आणि डब्यातली पिवळी डाळ एकच आहे, हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग आम्ही डाळीचा प्रवास उलटा लावला. दुकान, ठोक व्यापारी, डाळमिल, मोंढ्यातला (धान्यबाजारातला) आडत्या म्हणजे दलाल, टेम्पोवाला, शेतकरी, शेवटी माती. फळ्यावर बाण काढून मी खडू ठेवला, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, हमाल राहिले की." त्याचे वडील मोंढ्यात पोती उचलायचे. मला हमाल सुचलाच नव्हता.

पुढचा प्रश्न मुलं आपणहून विचारतात: शेतकऱ्याला कमी भाव आणि दुकानात जास्त, असं का? लगेच व्यापारी चोर ठरतो. (मोठी माणसंही तेच करतात म्हणा.) इथं घाई करू नका, आधी हिशेब मांडा. क्विंटलभर तूर मिलमध्ये घातली तर डाळ निघते साधारण 70 किलो, थोडं इकडंतिकडं. बाकीचं टरफल आणि चुनी म्हणजे डाळीचा चुरा, ती जनावरांच्या खाद्यात जाते. म्हणजे किलोभर डाळीसाठी किलोहून बरीच जास्त तूर लागली. त्यावर भाडं, वीज, मजुरी, आडत्याची दलाली. एवढं सगळं मांडून झालं की मग विचारा, अजून किती उरले आणि ते कुणाच्या खिशात गेले? आमच्या वर्गात यावर भांडण झालं होतं, तास संपला तरी मिटलं नाही.

माती मात्र हातात घेऊनच शिकवा. गावाकडं गेलात की मूठभर काळी माती आणि मूठभर मुरूम आणा. तळाला भोकं पाडलेल्या दोन बाटल्यांत एकेक भरून वरून सारखंच पाणी ओता. मुरमातून पाणी भराभर खाली उतरतं, काळी माती ते धरून बसते. उरलेल्या काळ्या मातीचा गोळा करून उन्हात ठेवा, सुकताना त्याला भेगा पडतात. उन्हाळ्यात वावरात पाय अडकेल एवढ्या पडतात, त्याच या भेगा. ही माती बेसाल्ट म्हणजे आपल्या काळ्या पाषाणापासून झाली आणि तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. साडेसहा कोटी म्हणजे किती, हे चौथीच्या लेकराला समजत नाही. मलाही समजत नाही. पण पावसाळा संपल्यावर नुसत्या ओलीवर ज्वारी कशी येते, ते त्या बाटलीवरून तिला नीट समजेल.

पाण्यासाठी मी लातूरच्या रेल्वेची गोष्ट सांगतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. 10 वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे, मिळून सुमारे 5 लाख लिटर. घरातली घागर 15 लिटरची धरली तर किती घागरी? पोरांनी भागाकार केला: 33,333, बाकी 5. ती बाकी 5 कुणाला द्यायची यावरही चर्चा झाली. मग एकीनं विचारलं, "मिरजेला कुठून आलं एवढं पाणी?"

तेव्हा नकाशा काढला. मिरजेजवळून कृष्णा वाहते. ती उगम पावते महाबळेश्वरला, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो. लातूरला पाणी येतं मांजरा धरणातून, आणि मांजरा निघते बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात. ढग तिथवर येईपर्यंत बरेचसे रिकामे झालेले असतात. उगमालाच पाऊस नाही तर खाली काय येणार? पैठणचं उलटं आहे. गोदावरी निघते त्र्यंबकेश्वरला, त्यामुळं नाशिककडं चांगला पाऊस झाला की पैठणला थेंब नसतानाही तिथला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरत जातो. हे तिन्ही उगम तिला बोटानं शोधू द्या. नद्यांची यादी पाठ करून घेऊ नका, परीक्षेपुरती ती आपोआप होते.

अर्थशास्त्राचं म्हणाल तर त्या शब्दाचं नावही काढू नका. आठवडी बाजारात तिला 20 रुपये द्या आणि काय घ्यायचं ते तिलाच ठरवू द्या. सोबत एक वावर दाखवा. आमच्याकडं सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एखादी ओळ असते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं, तूर जानेवारीपर्यंत उभी राहते. सगळंच सोयाबीन का नाही पेरलं, हे त्या शेतकऱ्यालाच विचारू द्या. आमच्या एका पालकानं वर्गात येऊन सांगितलं होतं, "एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून." आणि त्यांच्याच मुलीनं बाजारातून येऊन 20 पैकी 8 रुपये परत आणले होते. भेळ घेतली नाही, पुढच्या बाजारी कंपासपेटी घ्यायची म्हणाली.