ध्वजस्तंभ की ध्वजदंड?

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या आवारात झेंड्यासाठी नवा लोखंडी खांब उभा केला आहे. पाटीवर ‘ध्वजस्तंभ’ लिहावे की ‘ध्वजदंड’? आणि १५ ऑगस्टला खांबाला झेंडूच्या माळा गुंडाळतात, ते योग्य आहे का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : पाटीवर ‘ध्वजस्तंभ’ लिहा. जमिनीत रोवून कायमचा उभा केला, तो स्तंभ. दंड म्हणजे काठी. संचलनात ध्वजधारकाच्या हातात असतो तो ध्वजदंड, आणि मंत्र्यांच्या गाडीच्या बॉनेटवर असतो तोही ध्वजदंडच. तुमच्या जवळचंच पाहा. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या (देवाच्या निशाणाच्या काठ्या) येतात. उंचीत त्या गावोगावच्या ध्वजस्तंभांना मागे टाकतील, पण नाव काठीच. कारण त्या माणसांच्या खांद्यावरून चालत येतात.

माळांचं मात्र कळकळीने सांगतो : घालू नका. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार राष्ट्रध्वज ज्या स्तंभावर फडकतो त्याच्यावर किंवा त्याच्या टोकाशी फुलं, हार, बोधचिन्ह असं काहीही लावायचं नाही. मी शाळेत कवायत शिकवायचो. आदल्या संध्याकाळी दोरी ओढून पाहणं माझ्याकडे असे, आणि खांबावर माळ दिसली की मी ती उतरवायला लावी. ओल्या झेंडूत दोरी अडकली तर सगळं गाव सलामीला उभं आणि झेंडा मध्येच, हे मला सहन होणार नाही. फुलं हवीतच ना? घडी केलेल्या ध्वजात पाकळ्या ठेवा, त्याला संहितेची परवानगी आहे. रांगोळी चौथऱ्याभोवती जमिनीवर काढा.

विचारलं नाहीत, तरी खांब नवा आहे म्हणून सांगतो. सरकारने दुखवटा जाहीर केला की ध्वज अर्ध्यावर असतो, पण तो थेट अर्ध्यापर्यंत चढवायचा नसतो. आधी टोकापर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊन मगच खाली घ्यायचा. म्हणजे टोकाची कप्पी अडखळता कामा नये. १५ ऑगस्ट भर पावसाळ्यात येतो. लोखंडी कप्पी असेल तर जूनआधीच तेल घालून घ्या, आणि दोरी सुती असेल तर ती बदलून नायलॉनची बांधा.