पेट्रोल जिप्सीला एलपीजी किट बसवणे परवडते का?

फोर-बाय-फोर पेट्रोल जिप्सीला एलपीजी किट बसवण्याचा खर्च भरून निघेल का, असे आपण विचारले आहे. किट, टाकी, मजुरी आणि आरसी बुकातील इंधनबदलाची नोंद, हे सारे मिळून ४०,००० रुपये धरू. एक लिटर एलपीजीमध्ये पेट्रोलच्या सुमारे तीन चतुर्थांश इतकीच ऊर्जा असल्यामुळे, पेट्रोलवर लिटरमागे १० किलोमीटर धावणारी गाडी गॅसवर ८ च्या आसपास धावते. पेट्रोल १०५ आणि गॅस ६५ रुपये लिटर मानल्यास किलोमीटरमागे जेमतेम २ रुपये ४० पैसे वाचतात, म्हणजे खर्च वसूल होण्यास जवळजवळ १७,००० किलोमीटर लागतात. गाडी केवळ सुट्टीत घाटात फिरवायची असेल, तर हा खटाटोप करू नये. घरगुती सिलिंडर जोडणे मात्र बेकायदेशीर आहे, मग ते कितीही स्वस्त वाटो.