सोलापुरात वसंत कुठे असतो?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर दोन प्रश्न विचारलेस आणि उत्तर ऐकायच्या आत आजोबांबरोबर उसाचा रस प्यायला पळालीस. आजी म्हणते वसंत आला, पण इथे तर नुसतं ऊन, मग वसंत कुठाय? आणि पाडव्याला कडू पाला का खायचा? बाबांकडून हे पत्र वाचून घे.

इकडे लीड्समध्ये रस्त्याच्या कडेनं डॅफोडिल फुललेत. इथली झाडं थंडी सरायची वाट बघतात, म्हणून वसंत म्हणजे कोट काढून ठेवायचे दिवस, असं तुझ्या डोक्यात बसलंय. सोलापुरात कोट आजोबांनी फक्त स्वतःच्या लग्नात घातला. तिथल्या झाडांना थंडीची नाही, पाण्याची काळजी. पावसाळा संपला की जमीन सुकत जाते, आणि पानांवाटे पाणी उडून जातं. म्हणून शिशिरात बरीच झाडं पानंच टाकून देतात. मग पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब, पारा चाळिशीकडे निघालेला, आणि नेमकी तेव्हाच पालवी फुटते. मला लहानपणी हा शुद्ध वेडेपणा वाटायचा.

पण आजीच्या दारातला कडुनिंब बघ. चैत्रात त्याला बारीक पांढरा मोहोर येतो आणि निंबोळ्या पिकून पडतात त्या जून-जुलैत, पावसाच्या तोंडावर. निंबोळीचं बी फार दिवस जिवंत राहत नाही. पडल्यावर लवकर ओल मिळाली तरच ते रुजतं. म्हणजे पावसात बी पडायला हवं असेल तर उन्हातच फुलावं लागणार. सकाळी उठल्याबरोबर झाडाखाली जा, वास तेव्हा चांगला येतो. दुपारी बारानंतर मात्र घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे आजीही सांगेल, जरा मोठ्या आवाजात.

देवळाच्या पारावरचा पिंपळही बघ. त्याची कोवळी पानं हिरवी नसतात, तांबूस, चकचकीत असतात. गावाबाहेर कुठे पळस दिसला तर आजोबांना गाडी थांबवायला सांग. अंगावर पान नाही आणि फांद्या केशरी फुलांनी भरलेल्या. त्यातला मध प्यायला मैना, बुलबुल, शिंजीर अशी पाखरं येतात आणि भरपूर भांडतात.

आता कडू पाल्याचं. गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधतात, साखरेची गाठी घालतात आणि सकाळी कोवळी पानं, गूळ, चिंच, ओवा, हिंग, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून घासभर खायला देतात. जुनी माणसं सांगतात, उन्हाळ्यात तब्येतीला बरं. मला विचारशील तर तो झाडाचाच प्रसाद आहे: ज्या दिवसांत जे फुटलंय ते तोंडात घालायचं आणि वर्ष सुरू करायचं. मोहोर आला असेल तर तोही घालतात. पाडवा लवकर आला की नुसत्या पानांवर भागवायचं.

आणि सोलापूरची खरी मजा पुढेच आहे. पूर्व भागात विणकरांची तेलुगू घरं आहेत. त्यांचा त्याच दिवशी उगादी असतो. ते निंबाची फुलं, नवा गूळ, चिंच, कैरी, मीठ, मिरची घालून पातळसर पच्चडी करतात. कानडी घरांत बेवु-बेल्ला, म्हणजे कडुनिंब आणि गूळ. एका शहरात तीन भाषा, आणि तिघींच्या ताटात एकच झाड! आजीच्या शेजारच्या अम्मा वाटी पाठवतीलच. आपल्या चटणीपेक्षा ती मला जास्त आवडते, पण हे आजीला वाचून दाखवू नकोस.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी, तृतीयेला, चैत्रगौर बसेल. ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, त्यामुळे कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असणारच. आंब्याची डाळ, पन्हं आणि हातात भिजवलेले हरभरे मिळतील. पन्हं दुसऱ्यांदा मागितलं तरी चालतं.

पाडव्याचा घास चावून खा, गिळून टाकू नकोस, आणि मग मला फोन कर.

तुझी,
आई