माजी सैनिक पती मानसिक संकटात, मुलांना कोण सांभाळणार? (नागपूर)

ताई, आधी पतीकडे बघा. जीव द्यायची भाषा असेल तर मुलांना आत्ताच आजीकडे किंवा शेजारी पाठवा आणि पतीला एकटं सोडू नका. १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर त्यांच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी रेफरल मागा.

मुलांचं म्हणाल, तर पाळणाघराचा खर्च थेट देणारी योजना शोधण्यात दिवस घालवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वसतिगृहाचं विचारा, पण लहानग्यांना घरचंच माणूस हवं. कौटुंबिक संकटातल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. बालकल्याण समितीकडे चौकशी करा. आणि मुलांना सांगा, बाबा आजारी आहेत, तुमची काही चूक नाही.